"खरा ट्रक चालवा की!"

घाटवळण · ९ जानेवारी, रात्री ११:२०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा एक प्रश्न आज मांडतोय.

मी सांगलीला एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे. वय त्रेचाळीस. दिवसभर फोन करायचे, दारं वाजवायची, "पुढच्या महिन्यात नक्की भरतो साहेब" ऐकायचं आणि पुढच्या महिन्यात तेच दार परत वाजवायचं. संध्याकाळी फाईल मिटतो ती काम संपलं म्हणून नाही, सहा वाजले म्हणून.

रात्री लेक झोपली की तासभर मी युरो ट्रक सिम्युलेटर २ लावतो. २०१२ चा गेम, चेक लोकांनी बनवलेला. इन्सब्रुकला माल भरायचा, आल्प्स ओलांडायचा, मिलानला उतरवायचा. काचेवर पाऊस, वायपरची एका लयीतली खरखर, आणि गाण्यांच्या फोल्डरमध्ये मी भरून ठेवलेले भीमसेनजींचे अभंग. शेवटी ट्रेलर रिव्हर्स घेऊन आखलेल्या चौकोनात बसवायचा. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलरचं बूड उजवीकडे जातं, हे डोक्यात बसायला मला दोन महिने लागले. आता तीन-चार हेलपाट्यांत बसतो. बसला की बटण दाबायचं. माल पोचला, पैसे जमा, विषय संपला. दिवसभरात माझ्या हातून पूर्ण झालेलं ते एकच काम असतं.

गेल्या रविवारी मेव्हणा आला होता. मागे उभा राहून पाच मिनिटं बघत होता. मग म्हणाला, "दाजी, एवढी हौस आहे तर खरा ट्रक चालवा की! नाहीतर गाडी काढा, आंबोलीला जाऊन या. हे खोटं खोटं काय घेऊन बसलाय?"

मनानं चांगला आहे तो, मला राग आला नाही. पण उत्तर सुचलं नाही. कारण मला खरा ट्रक चालवायचाच नाहीये. मला हाच हवाय, ज्याचा टायर फुटला तरी कुणाचं काही जात नाही. गेमला आपण नेहमी खऱ्या गोष्टीच्या शेजारी उभं करून का मोजतो? आणि असं तासभर दुसरीकडे जाऊन येणं, ही पळवाट की विसावा? तुमचे अनुभव ऐकायला आवडतील.

चकलीचा_सोऱ्या · ९ जानेवारी, रात्री ११:३४

पळवाट असली तर असू दे. वाट आहे ना? भिंत नाही ना? मग जा बिनधास्त.

मेव्हण्यांना पुढच्या वेळी स्टिअरिंग द्या. ट्रेलर रिव्हर्स घ्यायला सांगा. :)

तिसरा_मजला · १० जानेवारी, सकाळी ७:०२

स्टुटगार्टहून. तुमच्या गेममध्ये आमचं शहर आहे, मी बघितलंय. गंमत सांगतो. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकना रस्त्यावर बंदी असते. शनिवारी मध्यरात्रीच्या आत सगळे ट्रक विश्रांतीतळावर रांगेत लागतात आणि चालक मंडळी छोट्या शेगडीवर स्वयंपाक करत बसतात. तुम्ही रविवारी माल नेत असाल तर आमच्या इथे दंड आहे.

घाटवळण · १० जानेवारी, सकाळी ९:१५

@तिसरा_मजला, मी दर रविवारीच नेतो! हे माहीत नव्हतं. आता रविवारी फक्त इटलीत चालवेन.

तिसरा_मजला · १० जानेवारी, सकाळी ९:२१

इटलीतही रविवारी बंदी असते हो. :)

उन्हाळकांदा · १० जानेवारी, रात्री १०:४८

धागा सकाळीच वाचला होता, पण लागवड चालू आहे. शेतात पंधरा बाया होत्या, आत्ता टेकले.

मी निफाड तालुक्यातली. बीएस्सी ॲग्री झाले आणि शेतीच करते, नवऱ्याच्या जोडीनं. आणि रात्री फोनवर स्टारड्यू व्हॅली खेळते. तो शेतीचाच गेम आहे. आता सांगा, मला लोक काय म्हणत असतील! सासूबाई म्हणतात, "दिवसभर चिखलात असतेस, रात्री परत चिखलातच?" जाऊबाई म्हणते, तुझ्यापुढं खरं रान असताना हे कशाला.

मी त्यांना सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

त्या गेममध्ये पहिल्या दिवशी गावचा मेयर पार्स्निपच्या पंधरा बिया भेट देतो. पार्स्निप म्हणजे गाजराचं गोरं भावंड समजा. जमीन उकरायची, बी टाकायचं, झारीनं पाणी घालायचं. चार दिवसांत पीक तयार. उपटायचं आणि घराजवळच्या लाकडी पेटीत टाकून झोपायचं. सकाळी पैसे जमा. साध्या पार्स्निपचे ३५. आज ३५, उद्या ३५, पुढच्या वर्षी ३५. मी एकच टाकला तरी तेवढेच आणि पाचशे टाकले तरी तेवढेच.

जो कांदा विकतो त्यालाच या ३५ चा अर्थ कळेल. आम्ही ट्रॅक्टर भरून पहाटे निघतो, बाजार समितीत रांगेत लागतो. व्यापारी येतात, मूठभर कांदा उचलतात, दाबून बघतात, आणि मिनिटभरात बोली संपते. चार महिन्यांचा निकाल एका मिनिटात. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी जाहीर झाली तेव्हा आमचा लाल कांदा काढून शेतात पडला होता. आदल्या दिवशीचा भाव बघता बघता निम्म्यावर आला. आम्ही तेच, कांदा तोच, ट्रॅक्टर तोच, गोण्या तशाच. बदललं काहीच नव्हतं आणि सगळंच बदललं होतं.

म्हणून मी रात्री त्या गावात जाते. तिथे गारपीट नाही. तिथे बुजगावणं उभं केलं की कावळे खरंच येत नाहीत. हंगाम बरोबर २८ दिवसांचा, एकोणतिसाव्या दिवशी ऋतू बदलणार म्हणजे बदलणारच. जुनं पीक मेलं तर चूक माझी, कारण तारीख मला माहीत होती. माझ्या चुकीची शिक्षा मला मिळते, दुसऱ्या कुणाच्या निर्णयाची नाही. एवढंच हवं असतं मला त्या अर्ध्या तासात.

आणि जाऊबाईचं म्हणणं अर्धंच खरं आहे. मी खऱ्या रानाच्या ऐवजी हे खेळत नाही. पहाटे पाचला उठून मी रानातच असते.

भेंडीबाजार_नव्हे · १० जानेवारी, रात्री ११:०३

ताई, प्रतिसाद दोनदा वाचला. "आज ३५, उद्या ३५." बस.

पटावरचा_उंट · ११ जानेवारी, सकाळी ८:४०

उन्हाळकांदा यांचा प्रतिसाद धाग्याचा प्राण आहे.

माझं म्हणणं असं. "हे खोटं आहे" हा आक्षेप आपल्याकडे फक्त स्क्रीन दिसली की येतो. पोरी भातुकली मांडतात, चुरमुऱ्यांचा भात आणि गुळाच्या पाण्याचा चहा करतात. आजोबा तो चहा पितात, "वा, साखर बरोबर पडलीय" म्हणतात. कुणी म्हणतं का, एवढी हौस आहे तर खरा स्वयंपाक कर? बुद्धिबळ खेळणाऱ्याला कुणी खरं राज्य जिंकायला पाठवत नाही. सुट्टीत 'व्यापार'च्या पटावर आमच्या आत्यानं अर्धी मुंबई घेतली होती, तिला कुणी रजिस्ट्रार कचेरीत नेलं नाही.

आणि दिवाळीतला किल्ला! आमच्या वाड्यात पंधरा दिवस आधीपासून माती चाळायची, पोती भिजवायची, गेरू लावायचा. उतारावर हळीव पेरायचे, चार-पाच दिवसांत हिरवंगार रान. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजांवर. शेतकऱ्याची मूर्ती शिपायाच्या दुप्पट उंच आणि पायथ्याच्या पाण्यात बदक. प्रमाणाची कुणाला फिकीर नसायची. भाऊबीज झाली की किल्ला मोडायचा. त्या पंधरा दिवसांत आम्ही त्या किल्ल्यात राहायचो म्हणजे राहायचोच. ते खऱ्या रायगडाच्या बदल्यात नव्हतं. उलट त्या किल्ल्यामुळेच पुढे मी खरा रायगड चढलो.

आपली सापशिडीसुद्धा घ्या. जुना मोक्षपट, परंपरेनं त्याच्याशी ज्ञानेश्वरांचं नाव जोडलेलं. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. पटावर मोक्ष मिळाला म्हणून उठून कुणी संन्यास घेतला नाही. पण संध्याकाळ गोड गेली.

योहान हौझिंगा नावाच्या डच इतिहासकारानं १९३८ मध्ये खेळावर पुस्तक लिहिलं, त्यात हेच आहे. खेळाला स्वतःचं रिंगण असतं, स्वतःची वेळ असते. आत गेलं की आतले नियम, बाहेर आलं की बाहेरचे. खो-खो खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

काटकोन · ११ जानेवारी, दुपारी १:१२

मी असहमत आहे आणि मनापासून लिहितोय, कृपया तसंच घ्यावं.

भातुकली आणि किल्ला यांना शेवट असतो. आई हाक मारते, दिवाळी संपते. २००६-०७ ला मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या कोपऱ्यावर कॅफे होता, तिथे काउंटर स्ट्राइक १.६ हा बंदुकांच्या लढाईचा गेम चालायचा. रात्रभराचं पॅकेज स्वस्त पडायचं. मी आठवड्यातून चार रात्री तिथे असायचो. डस्ट टूच्या नकाशातली प्रत्येक भिंत मला पाठ होती, आणि मॅथ्स तीनचा एक धडा येत नव्हता. वायडी लागला, म्हणजे वर्ष वाया गेलं. घरी सांगताना वडील काही बोलले नाहीत, नुसते उठून अंगणात गेले. ते मला अजून दिसतं.

तेव्हा मलाही कुणी विचारलं असतं तर "विसावा" असंच म्हणालो असतो. म्हणून हा शब्द मला घाबरवतो. प्रत्येक पळणारा माणूस विश्रांतीच घेत असतो.

पटावरचा_उंट · ११ जानेवारी, दुपारी २:३०

@काटकोन, वडिलांचा प्रसंग वाचून थांबलो. एक विचारू? त्या चार रात्री तुम्ही दमून तिथे जात होतात का?

काटकोन · ११ जानेवारी, सायंकाळी ६:५५

चांगला प्रश्न आहे. दुपारभर विचार केला.

नाही. मी दमून जात नव्हतो. मी तिथे *कुणीतरी* होतो म्हणून जात होतो. कॉलेजात मी मागच्या बाकावरचा, लहान गावातून आलेला, इंग्रजी अडखळणारा. कॅफेत शिरलो की पोरं म्हणायची, "आला रे, आज आमच्या टीमला." मालक माझ्यासाठी चांगल्या माऊसचं मशीन राखून ठेवायचा. मला ती ओळख बाहेर मिळवायची होती, मिळत नव्हती, म्हणून आत मिळवली. आणि आत मिळत गेली तसा बाहेरचा प्रयत्न सोडून दिला.

तर हो, फरक आहे. घाटवळण ट्रक चालवून सकाळी परत त्याच दारावर जातात. मी परत येत नव्हतो.

रातपाळी · ११ जानेवारी, रात्री ११:५०

मी नर्स आहे, नागपूर. एप्रिल २०२१ मध्ये कोविड वॉर्डला होते. त्यावर फार लिहीत नाही, लिहवत नाही.

ड्यूटी संपली की पीपीई उतरवून, आंघोळ करून, हॉस्टेलच्या खोलीत यायचे. झोप नाही. डोळे मिटले की मॉनिटर दिसायचे. घरी फोन केला की आई रडायची, म्हणून मेसेजवर ख्यालीखुशाली कळवायचे. तेव्हा मी टेट्रिस खेळायचे. ठोकळे पडतात, फिरवायचे, ओळ भरली की नाहीशी. आडवा, उभा, एलचा, झेडचा. हात चालू, डोळे चालू, डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी झोप यायची.

नंतर वाचलं की २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी यावर प्रयोग केला होता. लोकांना अपघातांची विदारक दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासानं त्यातल्या काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात ती दृश्यं खेळलेल्यांच्या डोळ्यांसमोर कमी वेळा आली. वाचून माझा जीव भांड्यात पडला. लोक मरत असताना मी गेम खेळत होते, ही टोचणी होती मला. कुणाला सांगितलंही नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितेय.

उन्हाळकांदा · ११ जानेवारी, रात्री ११:५८

ताई, टोचणी काढून टाका. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत वॉर्डात उभ्या होतात.

चकलीचा_सोऱ्या · १२ जानेवारी, सकाळी १०:१०

@रातपाळी, तुम्हाला मनापासून नमस्कार.

टेट्रिस मॉस्कोत जन्माला आला, १९८४ मध्ये, अलेक्सेई पाजित्नोव यांच्या संगणकावर. त्यांना कुठे ठाऊक असेल की नागपूरच्या एका नर्सला त्यानं झोप लागेल.

जुनी_कॅसेट · १२ जानेवारी, सकाळी १०:४५

अवांतर करतोय, पण टेट्रिस निघालाच आहे तर राहवत नाही. पिवळ्या कॅसेटवाला टीव्ही गेम कुणाकुणाकडे होता? '९९९९९९ इन १' लिहिलेला, आणि आत खरे गेम मोजून सात-आठ. बाकी तेच परत परत, फक्त मारिओ दुसऱ्या लेव्हलपासून सुरू.

भेंडीबाजार_नव्हे · १२ जानेवारी, सकाळी १०:५२

फुंकर! कॅसेट चालली नाही की काढायची, खालच्या पट्टीवर फुंकर मारायची, बनियनला पुसायची, परत घालायची. आमच्या चाळीत फुंकरतज्ज्ञ होता एक, त्याला खास बोलावणं जायचं.

माहेरची_वाट · १२ जानेवारी, सकाळी ११:२०

काँट्रा! वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. तीस जीव. शाळेतलं निम्मं विसरले, हे विसरले नाही. भावाबरोबर खेळायचे. धबधब्याच्या लेव्हलला तो पुढे उडी मारायचा, पडदा वर सरकायचा आणि मी खाली राहून मरायचे. अजूनही राखीला भेटलो की त्यावरून भांडतो.

जुनी_कॅसेट · १२ जानेवारी, सकाळी ११:४१

भाऊ पुढे उडी मारतो, हा प्रत्येक घरातला इतिहास आहे. मीच तो भाऊ. ताई, माफी असावी.

स्वयंपाकघरातून · १२ जानेवारी, दुपारी ३:३०

आठवणी छान आहेत, पण माझा प्रश्न आजचा आहे. मुलगा नववीत. बीजीएमआय खेळतो, फोनवरचा बंदुकांच्या लढाईचा गेम. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. जुलै २०२१ मध्ये नवीन नावानं परत आला. आता अभ्यास करतो, मार्क बरे आहेत, पण जेवायला हाक मारली की "आई, मॅच चालू आहे, पॉज होत नाही." दहा मिनिटांनी जेवण गार आणि माझं डोकं गरम. तुमचे ट्रक आणि पार्स्निप ठीक आहेत हो. मुलांचं काय?

माहेरची_वाट · १२ जानेवारी, दुपारी ४:०५

@स्वयंपाकघरातून, "पॉज होत नाही" हे तो खरं बोलतोय, तेवढा विश्वास ठेवा. समोर खरी माणसं खेळत असतात, त्यामुळे मध्येच थांबवता येत नाही. आमच्या घरी तोडगा निघाला तो असा: साडेआठला जेवण, आठनंतर नवी मॅच सुरू करायची नाही. चालू असलेली पूर्ण करायची. पूर्ण मॅच अर्ध्या तासाची धरा. मॅच अर्धवट सोडायला लावली की टीममधली पोरं त्याच्यावर चिडतात आणि तो तुमच्यावर. नियम सुरुवातीवर लावा, शेवटावर नको.

काटकोन · १२ जानेवारी, रात्री ८:१५

वरचा सल्ला सोन्यासारखा आहे.

मुलाचे मार्क बघू नका, तो खेळून उठल्यावर कसा असतो ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमच्या आजाराला आपल्या रोगांच्या यादीत घेतलंय, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातही नुसते तास मोजलेले नाहीत. ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम जाणं, नुकसान होतंय हे दिसूनही चालूच राहणं, आणि हे साधारण बारा महिने टिकणं, असं ते वर्णन आहे. म्हणजे जेवण गार होणं हा आजार नाही. माझं जे झालं होतं ते मात्र त्या वर्णनात ओळीनं बसतं.

दमडीचं_तेल · १२ जानेवारी, रात्री ९:३०

इथे एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी, कारण लोक सगळ्याला 'गेम'च म्हणतात.

माझा धाकटा भाऊ फोनवर पैसे लावून रमी खेळायचा. ॲपचं नाव घेत नाही. सुरुवातीला पन्नास-शंभर. घरी विचारलं की म्हणायचा, "गेमच तर आहे, टाइमपास." वर्षभरात दुचाकी गेली, मग वहिनीच्या पाटल्या. तो पहाटे तीनला अंथरुणात पांघरुणाखाली खेळायचा, पांघरूण आतून उजळलेलं दिसायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आमच्या घरात त्या दिवशी वहिनीनं देवापुढे साखर ठेवली.

पत्ते आम्ही लहानपणापासून खेळतो. गणपतीत रात्र रात्र जागून झब्बू, मेंढीकोट, बदाम सात. हरलेल्यानं चहा करायचा. तोच खेळ, तेच पत्ते. पण ज्या क्षणी हरल्यावर खऱ्या घरातलं खरं काही जायला लागलं, त्या क्षणी तो खेळ उरला नाही. घाटवळण, तुमच्या ट्रकचा टायर फुटला तर कुणाचं काही जात नाही असं तुम्ही लिहिलंत. माझ्यासाठी ती ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

घाटवळण · १२ जानेवारी, रात्री १०:२०

@दमडीचं_तेल, भाऊ आता कसा आहे?

दमडीचं_तेल · १२ जानेवारी, रात्री १०:३६

बरा आहे. साधा फोन वापरतो. गेल्या गणपतीत बसला आमच्यात झब्बूला. हरला आणि चहा केला.

उत्तररात्र · १३ जानेवारी, रात्री १२:४०

मी बरीच वर्षं व्हीलचेअरवर आहे. या विषयावर लोक माझ्याशी बोलताना आवाज हळू करतात, म्हणून मीच लिहितो.

मी फुटबॉल मॅनेजर खेळतो. ऐकलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यांना वाटतं, पाय गेले म्हणून बिचारा स्क्रीनवर फुटबॉल खेळतो. अहो, त्या गेममध्ये मी पळतच नाही! त्यात तक्ते असतात, करार असतात, कुणाला बसवायचं, कुणाला उतरवायचं, बजेट कुठून आणायचं. इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधला एक दरिद्री क्लब घेऊन मी सहा हंगाम काढलेत. मला हे आवडतं कारण मला हिशेब आवडतो, डावपेच आवडतात. पाय असते तरी हेच खेळलो असतो. पाय होते तेव्हाही मी मैदानाबाहेर बसून स्कोअर लिहायचो.

गेम म्हणजे कशाची तरी भरपाई, असं धरून चाललं की समोरच्याच्या आयुष्यात आधी एक भोक शोधलं जातं. घाटवळणांच्या मेव्हण्यांनीही तेच केलं, प्रेमानं केलं असेल. मजा ही मजा म्हणून पुरेशी असू शकते, एवढं मान्य केलं तर आम्हाला फार बरं वाटेल.

पटावरचा_उंट · १३ जानेवारी, सकाळी ७:५०

@उत्तररात्र, अगदी पटलं. मीसुद्धा वर "किल्ल्यामुळे रायगड चढलो" लिहून किल्ल्याला उपयोगी ठरवायला गेलो. गरज नव्हती. रायगड चढलो नसतो तरी किल्ला तेवढाच चांगला होता.

माहेरची_वाट · १३ जानेवारी, सकाळी ११:१५

उन्हाळकांदा यांच्या पार्स्निपवरून फार्मव्हिल आठवला. २००९ ला आला तेव्हा फेसबुकवर अख्खं खानदान शेतकरी झालं होतं. मी स्ट्रॉबेरी लावायचे, चार तासांत तयार. वेळेत काढली नाही की सुकून जायची. मी पहाटे तीनचा गजर लावून उठायचे! नवरा विचारायचा, कुणाचा फोन? ३१ डिसेंबर २०२० ला तो गेम कायमचा बंद झाला, तेव्हा रडू नाही आलं, झोप लागली.

आज विचार करतेय की ती स्ट्रॉबेरी आणि हा पार्स्निप यांत फरक काय? उन्हाळकांदा, तुमचा फोन बंद असताना तिथलं पीक वाळतं का?

उन्हाळकांदा · १३ जानेवारी, दुपारी १:४०

नाही. गेम बंद केला की तिथला काळ थांबतो. कांदे लागवडीच्या दिवसांत मी पंधरा पंधरा दिवस उघडत नाही. परत जाते तेव्हा झारी जिथे ठेवली तिथेच असते. एरिक बरोन नावाच्या एकाच माणसानं तो बनवलाय. चित्रं, संगीत, सगळं एकट्यानं, चारेक वर्षं खपून. २०१६ ला आला. माझी पक्की समजूत आहे की त्या माणसाला दमलेली माणसं ठाऊक असणार.

माहेरची_वाट · १३ जानेवारी, दुपारी १:५५

म्हणजे एक गेम आपली वाट बघतो आणि दुसरा आपल्याला वाट बघायला लावतो.

काटकोन · १३ जानेवारी, दुपारी २:२०

हे मी वहीत लिहून ठेवलं. मुलीला फोन देताना आता हाच प्रश्न विचारणार: बंद केल्यावर थांबतो का?

भेंडीबाजार_नव्हे · १३ जानेवारी, दुपारी ४:३०

पुण्याच्या मंडळींनी बनवलेला 'राजी' कुणी खेळलाय का? २०२० मध्ये आला, नॉडिंग हेड्स गेम्स यांचा. सर्कशीत काम करणारी एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते. छायाबाहुल्यांच्या खेळासारखी मधली दृश्यं, राजस्थानी वाड्यांसारखे सज्जे आणि कमानी. लढाई मला फारशी जमत नाही, पण एका गच्चीवर मी नुसता उभा राहून बघत बसलो होतो. आपल्या गोष्टींच्या वासाच्या जगात शिरायला मिळालं, याचं अप्रूप वाटलं.

घाटवळण · १३ जानेवारी, रात्री १०:५०

सगळ्यांचे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. रातपाळी ताईंच्या वेळी ती उठून आत गेली आणि दोघांसाठी दूध घेऊन आली.

आज मेव्हणा परत आला होता, लेकीच्या वाढदिवसाचं ठरवायला. चकलीचा_सोऱ्या यांचं ऐकलं आणि त्याला खुर्चीत बसवलं. त्याला वाद घालायचा होता, मला घालायचा नव्हता. हॅम्बुर्गहून निघालो. पहिल्या दहा मिनिटांत दोन सिग्नल तोडले, दंड बसला, त्यानं मला विचारलं, "दाजी, हे पैसे कुणाचे गेले?" म्हटलं, "कुणाचेच नाही." त्यावर तो जरा सैलावला. मग पाऊस सुरू झाला. त्याचं स्वतःचं मेडिकलचं दुकान आहे, सकाळी आठ ते रात्री दहा, आठवड्याचे सात दिवस. अंधारातला ओला हायवे, अभंग चालू, आणि हा माणूस अर्धा तास एक शब्द बोलला नाही. फोन वाजला तर उलटा करून ठेवला. आठ वर्षांत त्याला मी एवढा गप्प बघितला नव्हता.

ट्रेलर लावायला वीस मिनिटं लागली. एकदा कुंपणाला ठोकला, तेव्हा दोघंही ओरडलो आणि लेक जागी झाली. मी "बटण दाब, आपोआप लागतो" म्हणालो तर म्हणाला, "थांबा, मीच लावतो." लावला. आंबोलीचा विषय निघाला नाही.

चकलीचा_सोऱ्या · १३ जानेवारी, रात्री ११:०२

मेव्हण्यांना पुढचा माल स्टुटगार्टला पाठवा. रविवार सोडून.

रातपाळी · १३ जानेवारी, रात्री ११:३०

उन्हाळकांदा ताई, स्टारड्यू फोनवर घेतला आत्ता. उद्या सुट्टी आहे. सुरुवात कशी करू? काही बिघडणार नाही ना?

उन्हाळकांदा · १३ जानेवारी, रात्री ११:४४

काही बिघडत नाही. पहिल्या दिवशी सगळं रान साफ करायला जाऊ नका, दम संपतो. पंधरा बियांपुरतीच जागा करा, पाणी घाला, आणि उरलेला दिवस गावात हिंडा, माणसं ओळखीची होतात. रात्री दोनच्या आत घरी या, नाहीतर चक्कर येऊन पडाल. पाचव्या दिवशी उपटा. चौदा पेटीत टाका, एक विकू नका, ट्रंकेत ठेवा. पुढे गावातलं पडकं सभागृह दुरुस्त करताना तो लागतो.

पुढचं उद्या सांगते. लाईट आली, मोटार चालू करायला विहिरीवर जातेय.